दिनविशेष : २३ सप्टेंबर
१८०३ : आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, आर्थर वेलस्ली याने दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. विजय त्याला महागात पडला. मराठ्यांच्या तोफखान्याने इंग्रजांच्या रांगाच्या रांगा कापल्या. खुद्द वेलस्लीचा एक घोडा गोळी लागून पडला, तर दुसऱ्याच्या, ‘डायोमीड’ नावाच्या अरबीच्या, छातीत भाला घुसला.

पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला हाच सेनापती १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत दिवसभर ‘कोपनहेगन’वर स्वार होता. १८०८ साली जन्मलेला हा तांबूस घोडा बापाकडून नामांकित ‘एक्लिप्स’चा नातू. आईकडे मात्र घोडे अडले. त्याची आई ‘लेडी कॅथरीन’ हिच्या मातृवंशात शिकारीवरची एक साधी घोडी निघते, म्हणून अस्सल थरोब्रेड म्हणून त्याची नोंद करावी का, हा वाद झाला. शर्यतीतही तो फारसा चमकला नव्हता. पण दम जबर! वॉटर्लूच्या रात्री ड्यूकने उतरून कौतुकाने थोपटले, तेव्हा पठ्ठ्याने अशी लाथ झाडली की ड्यूक थोडक्यात बचावला. १८३६ मध्ये तो मेला. त्याला लष्करी इतमामात पुरले.