जिलेटिनमधली मोहरी

फोटोच्या प्लेटा आणि फिल्म बनवणाऱ्या कारखान्यांना एका कोड्याने जवळजवळ पन्नास वर्षं छळलं. चांदी तीच, ब्रोमाइड तेच, तापमान तेच, काम करणारे हातही तेच. तरी एका घाण्याची प्लेट क्षणात चित्र टिपायची आणि दुसऱ्या घाण्याची मठ्ठ निघायची. खोदून चौकशी केली की पुष्कळदा एकच गोष्ट हाती लागे: मधल्या काळात जिलेटिनची नवी खेप आलेली असे. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी चुन्यात मुरवून, मग शिजवून काढलेला स्वच्छ सरस. चांदीचे कण जागच्या जागी धरून ठेवायचे, एवढंच त्याचं काम असं सगळे समजून होते. फिल्मच्या वेगाशी त्याचा नेमका संबंध काय, हे बराच काळ कुणाला उलगडलं नाही.

फोटोग्राफीचा इतिहास सांगताना आपण चांदीचं कौतुक करतो, ते रास्तच आहे. पण या कुळाचा वृत्तान्त नीट लावून पाहिला तर पिढ्यान् पिढ्या एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते, ती म्हणजे भेसळ. नको असलेलं, नकळत मिसळलेलं काहीतरी आणि ते दृष्टीआड न करणारा एखादा चौकस माणूस.

पहिली भेसळ तर मूळ पुरुषाच्याच बाटलीत होती. 1717 च्या सुमारास जर्मनीत योहान हाइनरिश शुल्झे हा विद्वान खडूची भुकटी नायट्रिक आम्लात कालवत होता. त्याला हवा होता अंधारात चमकणारा पदार्थ. आम्लात चांदीचा अंश होता. खिडकीशी ठेवलेल्या बाटलीची उन्हाकडची बाजू काळपट जांभळी झाली, आतली बाजू पांढरीच राहिली. हा उष्णतेचा परिणाम असेल म्हणून त्याने दुसरी बाटली विस्तवाजवळ धरून पाहिली, तर काहीच घडलं नाही. मग अक्षरं कापलेला कागद बाटलीला चिकटवून ती उन्हात ठेवली, आणि आतल्या गाळावर अक्षरं उमटली. बाटली हलवताच ती पुसली गेली.

उमटलेलं टिकवायला पुढची शंभराहून अधिक वर्षं गेली. इंग्लंडच्या जॉन हर्शेलने 1819 मध्येच पाहिलं होतं की ज्याला आपले फोटोवाले आजही ‘हायपो’ म्हणतात त्या क्षाराच्या पाण्यात चांदीचे क्षार विरघळतात. त्याचा फोटोशी संबंध मात्र 1839 मध्ये जुळला. हेन्री फॉक्स टॅल्बटला 1840 मध्ये त्याहून नवलाची गोष्ट सापडली: उजेड कागदावर पडून गेल्यावर डोळ्यांना काही दिसत नसलं तरी चित्र तिथे असतं, आणि गॅलिक आम्लाने धुतल्यावर ते वर येतं. म्हणजे उजेडाने सगळं काम करायची गरज नाही. त्याने खूण करून ठेवावी, पुढचं डेव्हलपर पाहून घेईल. ही खूण नेमकी कशाची, ते कळायला आणखी 98 वर्षं जायची होती.

1851 मध्ये शिल्पकार फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवर कोलोडियन या चिकट द्रावणाचा थर देऊन चांदीचे क्षार त्यात बसवले. चित्रं सुरेख येत, पण थर ओला असतानाच सगळं उरकावं लागे. प्लेट बनवा, कॅमेऱ्यात घाला, उजेड द्या, लगेच धुवा, आणि हे सारं दहा-पंधरा मिनिटांत. फोटोग्राफर काळा तंबू, बाटल्या, पाणी असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर थर बघता बघता सुकायचा. त्यात कोलोडियनला ईथरचा उग्र वास.

या वासानेच पुढची पायरी घडवली. रिचर्ड लीच मॅडॉक्स हा इंग्रज डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या वस्तूंचे फोटो काढी. त्याची प्रकृती मुळात नाजूक होती, आणि बंद खोलीतल्या ईथरच्या वाफा त्याला सोसेनात. कोलोडियनच्या जागी दुसरं काही चालतं का, हे तो घरीच शोधू लागला. डिंक झाले, दगडफूल, जवस, तांदूळ, साबुदाणा झाले. शेवटी स्वयंपाकघरात मिळणारं जिलेटिनचं पाकीट हाती आलं. कोमट जिलेटिनमध्ये त्याने कॅडमियम ब्रोमाइड आणि सिल्व्हर नायट्रेट एकत्र केलं आणि ते काचेवर पसरून सुकवलं. 8 सप्टेंबर 1871 च्या ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’मध्ये त्याने हा प्रयोग छापला. आपल्याला पुढे काम करायला सवड नाही, कुणी हे पुढे न्यावं, असंही त्यात कळवलं. पेटंट घेतलं नाही. आर्चरनेही घेतलं नव्हतं. या दोघांचं हे दातृत्व मला फार मोठं वाटतं, कारण पुढचा सगळा धंदा त्यावर उभा राहिला.

मॅडॉक्सची प्लेट मंदच होती. तिला वेग दिला 1878 मध्ये चार्ल्स बेनेटने. त्याने मिश्रण काही दिवस 32 अंश सेल्सियसच्या आसपास उबेत ठेवलं, आणि जिथे सेकंद मोजावे लागत तिथे सेकंदाचा अंश पुरू लागला. भिंगावरची टोपी हाताने काढून परत बसवायचे दिवस संपले. एवढ्या थोड्या वेळासाठी शटर लागू लागलं.

त्या उबेत काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. लाल दिव्याच्या खोलीत, जिलेटिन आणि पोटॅशियम ब्रोमाइडच्या कोमट द्रावणात सिल्व्हर नायट्रेटची धार सोडतात. धार पडताच पाणी दुधाळ होतं: सिल्व्हर ब्रोमाइडचे लक्षावधी बारीक स्फटिक एकदम जन्मतात. जिलेटिन नसतं तर ते गोळा होऊन तळाशी बसले असते. जिलेटिन प्रत्येकाला वेगळं धरून ठेवतं. मग मिश्रण मुरत ठेवलं की बारीक स्फटिक विरघळतात आणि त्यांची चांदी मोठ्यांवर जाऊन बसते. मोठ्या स्फटिकाला उजेड सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून फिल्म वेगवान. पण चित्रात दाणाही तेवढाच ठसठशीत दिसतो. हे मुरल्यावर मिश्रण थंड करून गोठवत आणि जाळीतून शेवयांसारखं दाबून काढून गार पाण्यात धूत, म्हणजे उरलेला पोटॅशियम नायट्रेट निघून जाई. मग पुन्हा वितळवून दुसऱ्यांदा ऊब देत. या दुसऱ्या खेपेला स्फटिकांचा आकार बदलत नसे, पण वेग अनेक पटींनी वाढे. का वाढे, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि जिलेटिनची खेप बदलली की घोटाळा व्हायचा तोही इथेच.

1882 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरला प्लेटा बनवणाऱ्या जॉर्ज ईस्टमनना या घोटाळ्याची मोठी किंमत मोजावी लागली. त्यांच्या प्लेटा बिघडू लागल्या, विकलेला माल परत घ्यावा लागला, आणि अखेर बोट जिलेटिनकडेच गेलं.

दरम्यान आणखी एका भेसळीने रंगांचा प्रश्न सोडवला. सिल्व्हर ब्रोमाइडला निळा आणि जांभळा उजेडच कळतो. 1873 मध्ये बर्लिनच्या हेरमान फोगेलला इंग्लंडहून आलेल्या काही प्लेटांना हिरवाही दिसतो असं आढळलं. काचेतून उलट फिरणारा उजेड अडवावा म्हणून त्यात रंग घातला होता, आणि तो रंगच उजेड शोषून स्फटिकाला पोचवत होता. तांबडा कळायला मात्र आणखी वेळ लागला. दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणि भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले, तेव्हाच्या सिनेमाच्या निगेटिव्हला लाल दिसत नसे. कपाळावरचं कुंकू पडद्यावर काळं यायचं, गोरा चेहराही सावळा पडायचा. फिल्मच्या कडांना अंधारात भोकं पाडण्याचं आणि ती धुण्याचं काम सरस्वतीबाई फाळके घरीच करीत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या श्रेयनामावलीत त्यांना जागा मिळाली नाही, पण चांदीच्या या रसायनाशी मराठी घराचा इतका निकटचा संबंध त्याआधी क्वचितच आला असेल.

जिलेटिनचं कोडं सुटलं रॉचेस्टरलाच. ईस्टमननी 1912 मध्ये केनेथ मीस या इंग्रज रसायनज्ञाला संशोधनशाळा उभारायला बोलावलं. मीसनी आपला कॉलेजपासूनचा मित्र सॅम्युएल शेपर्ड याला बरोबर घेतलं. शेपर्डची रीत सरळ होती, चिकाटीची होती. जिलेटिन बनवताना वाया जाणाऱ्या धुवणातून अर्क काढायचे, मठ्ठ निघणाऱ्या मिश्रणात (इमल्शनमध्ये) एकेक अर्क घालायचा आणि वेग मोजायचा. ज्याने वेग वाढतो त्याचे पुन्हा भाग पाडायचे. असं करत करत तो गंधकाच्या एका संयुगापाशी पोचला. त्याचं कूळ मोहरीच्या तेलाचं निघालं. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात झणका जातो तो ज्या द्रव्यामुळे, त्याचंच हे नातलग. गुरं मोहरीवर्गातली झाडं चरली की त्याचा लवलेश हाडाकातड्यात उतरतो, आणि दहा लाखांत काही भाग एवढ्यावरही फिल्म तल्लख होते. हे 1925 मध्ये प्रसिद्ध झालं. गायींना मोहरी आवडली नसती तर आपल्याला सिनेमा दिसला नसता, असं मीस म्हणत असं सांगतात. मला यात गंमत आहेच, पण त्याहून मोठी वाटते ती शेपर्डची चिकाटी. पन्नास वर्षं ज्याला ‘जिलेटिनचा गुण’ म्हणून सोडून दिलं होतं, ते त्याने वेगळं काढून बाटलीत भरलं.

गंधक करतो काय, तर स्फटिकावर जागोजागी सिल्व्हर सल्फाइडचे सूक्ष्म ठिपके तयार करतो. पुढचा उलगडा 1938 मध्ये ब्रिस्टलच्या गर्नी आणि मॉट या पदार्थवैज्ञानिकांनी केला. उजेडाचा कण स्फटिकात शिरला की ब्रोमाइडचा एक इलेक्ट्रॉन सुटतो. तो भटकत भटकत अशा ठिपक्यापाशी अडकतो. स्फटिकातला एखादा फिरता चांदीचा आयन त्याच्याकडे ओढला जातो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. असे चारेक अणू एका जागी जमले की टॅल्बटची अदृश्य खूण पुरी होते. ठिपके नसतील तर इलेक्ट्रॉन विखुरतात, अणू एकत्र येत नाहीत आणि उजेड वाया जातो. मग डेव्हलपर त्या चार अणूंपासून सुरुवात करून अब्जावधी आयनांचा आख्खा स्फटिक काळी चांदी करून टाकतो; खूण नसलेल्या शेजारच्या स्फटिकाला हातही लावत नाही.

यानंतर कारखान्यांनी जिलेटिनमधला गंधक काढून टाकायला लावला आणि मोजून घालायला सुरुवात केली. पुढे त्यासाठी हायपोच वापरात आला: धुताना चांदीचे क्षार विरघळवून नेणारा तोच क्षार, कणभर घातला की फिल्मला वेग देतो. 1936 मध्ये आग्फा या जर्मन फिल्म कंपनीच्या कोस्लोव्स्कीने त्यात सोन्याच्या क्षाराची भर घातली आणि वेग आणखी वाढला. ते गुपित महायुद्ध संपेपर्यंत जगाला नीट कळलं नाही.

जिलेटिनला पर्याय मात्र अजून निघालेला नाही. उन्हाळ्यात गरम डेव्हलपरमध्ये त्याचा थर सुटतो, म्हणून आपल्याकडचे स्टुडिओवाले डिशखाली बर्फ ठेवत आणि तुरटीने थर कडक करत. अगार, अंड्याचा पांढरा बलक, कृत्रिम पॉलिमर, सगळं आजमावून झालं. पण उबेत वितळणारं, गार होताच गोठणारं, पाण्यात फुगून डेव्हलपरला आत येऊ देणारं आणि तरीही एकाही स्फटिकाला जागा न सोडू देणारं असं दुसरं काही सापडलं नाही. रॉचेस्टरला किंवा इंग्लंडमधल्या मॉबर्लीला आज जी फिल्म बनते, तिच्यावरचा थर याच हाडाकातड्याच्या सरसाचा असतो. गंधक मात्र आता गायीच्या चाऱ्यातून येत नाही. तो कारखान्यात मोजून घालतात.