चंद्राच्या मातीत सोनं सापडलं, मग तिथे खाण का नाही?

चंद्रावरून आणलेल्या मातीत सोनं सापडलं, हे खरं आहे. पण ते नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. ते इतकं कमी का, याचं उत्तर अंबरनाथच्या शिवमंदिराच्या दगडातून समजून घेता येतं.

सोनं कुठे सापडलं?
ऑगस्ट १९७६ मध्ये सोव्हिएत संघाच्या ‘लुना-२४’ यानाने चंद्रावरच्या ‘मारे क्रिसियम’ या भागात ड्रिल करून सुमारे १७० ग्रॅम माती पृथ्वीवर आणली. पुढे रशियन शास्त्रज्ञांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या मातीत सोनं, तांबं आणि चांदीच्या मिश्रधातूचे अतिसूक्ष्म कण दिसले.

अंबरनाथचा दगड आणि चंद्रावरचे डाग
१०६० सालचं शिलाहारकालीन शिवमंदिर काळ्या बेसॉल्टचं आहे. बेसॉल्ट म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला खडक. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या जमिनीखाली हाच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसॉल्ट आहे. चंद्रावर दिसणारे काळे डागही बेसॉल्टचेच, फक्त त्याहून कितीतरी जुने.

बेसॉल्टमध्ये सोनं असतं, पण एका टनात जेमतेम काही मिलिग्रॅम. खाण परवडायला साधारणपणे टनामागे काही ग्रॅम सोनं लागतं, म्हणजे जवळपास हजारपट जास्त.

सोनं एका जागी कसं जमतं?
सोन्याला लोखंडाची ओढ असते. पृथ्वी आणि चंद्र वितळलेल्या अवस्थेत होते, तेव्हा बहुतेक सोनं लोखंडासोबत गाभ्यात गेलं. नंतर उल्कांनी थोडं सोनं पृष्ठभागावर आणलं. पृथ्वीवर खोल भेगांमधून वाहणाऱ्या गरम पाण्याने विखुरलेलं सोनं विरघळवून गारगोटीच्या शिरांमध्ये साठवलं. कर्नाटकातल्या कोलार आणि हट्टीच्या खाणी अशाच साठ्यांवर उभ्या राहिल्या. चंद्रावर असं वाहतं पाणी नाही. त्यामुळे तिथलं सोनं विखुरलेलंच राहिलं.

चांद्रयान-३ ला सोनं सापडलं का?
नाही. २०२३ मध्ये प्रज्ञान रोव्हरने दक्षिण ध्रुवाजवळ गंधक असल्याची खात्री केली. ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, क्रोमियम, टायटॅनियम, मँगनीज, सिलिकॉन आणि ऑक्सिजनही आढळले. इस्रोच्या या यादीत सोनं नव्हतं.

त्यामुळे ‘चंद्रावर सोनं’ अशी पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी एकच प्रश्न विचारा: एका टनात किती? आकडा मिलिग्रॅममध्ये असेल, तर ती विज्ञानाची बातमी आहे, खजिन्याची नाही.