अमळनेरचें छात्रालय आणि मुलांचें मन

मुलांच्या राग, भय, मत्सर, शोक इत्यादि मनोविकारांवर आपल्या घरांतून बहुधा दोनच उपाय योजिले जातात. एक दटावणी, दुसरा उपदेश. दटावणीनें विकार दबतो, शमत नाहीं. उपदेश कानापर्यंत पोंचतो, अंतःकरणापर्यंत क्वचितच. या दोहोंहून निराळा मार्ग खानदेशांत एका शिक्षकानें चोखाळला होता. त्याचें स्मरण पालकांस उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें.

पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, हे १९२४ सालीं जळगांव जिल्ह्यांतील अमळनेर येथें प्रताप हायस्कूलमध्यें शिक्षक झाले. पुढें छात्रालयाची देखरेखही त्यांच्याकडे आली. घर दुरावलेल्या मुलांचें रुसणें, भांडणें, एकांतांत रडणें हें अशा ठिकाणीं ठरलेलेंच. गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत, पसारा आवरीत, आजाऱ्याची शुश्रूषा करीत. केर काढणाऱ्या गुरूला पाहून मुलाला लाज वाटली, तरी तींत चारचौघांतला अपमान नसे. म्हणून ती लाज त्याला चिडवीत नसे, कामास लावी. ‘छात्रालय’ नांवाचें हस्तलिखित दैनिकही ते मुलांसाठीं काढीत. जें तोंडावर बोलणें जड जातें, तें कागदावर हळुवारपणें सांगतां येतें.

१९३० सालीं गुरुजींनीं शाळा सोडून सत्याग्रहांत उडी घेतली. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं १८ रविवारीं गीतेवर प्रवचनें दिलीं. तीं गुरुजींनींच उतरून घेतलीं. गीतेचा आरंभ विषादानें होतो. अर्जुनाचें अंग कांपतें, धनुष्य गळतें, आणि पहिला अध्याय संपेपर्यंत श्रीकृष्ण उपदेशाचा शब्द काढीत नाहींत. आधीं ऐकून घेणें, मग समजावणें, हा क्रम पालकांनीं मनांत ठसवून घेण्याजोगा आहे.

फेब्रुवारी १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत गुरुजींनीं ‘श्यामची आई’ लिहिली. १९३५ सालीं ती प्रसिद्ध झाली. त्यांतील आई पोहण्याला भिऊन लपलेल्या श्यामला मारते. हा मार आज आम्ही कोणास सुचविणार नाहीं. पण मागाहून ती त्याची समजूत घालते, आणि आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणूं नये, ही स्वतःच्या मनांतली तळमळही उघड करते. मूल येथें केवळ आज्ञा पाळीत नाहीं. दुसऱ्याच्या मनांत काय चाललें आहे, हें तें शिकतें.

गुरुजींच्या लेखनांत अश्रु फार, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदींच निराधार नाहीं. परंतु मुलग्यानें रडूं नये असें बजावणाऱ्या समाजांत दुःख बोलून दाखविण्याची भाषा या पुस्तकानें मुलांना दिली, हेंही खरें. इतरांचे डोळे पुसणाऱ्या या पुरुषानें ११ जून १९५० रोजीं स्वतः होऊन आपलें जीवन संपविलें. यावरून त्यांची शिकवण खोटी ठरते काय? आमच्या मतें तिची दुसरी बाजू मात्र उघड होते. मनाचें ओझें वाटून घेण्याची संवय लहानपणींच लावावी लागते, आणि ती मोठ्या माणसांनींही सोडतां कामा नये. ज्या घरांत वडीलधारीं माणसें आपलें दुःख कधींच बोलत नाहींत, त्या घरांतलीं मुलेंही आपलें दुःख दडवावयासच शिकतात.