अंडीचोराचा खटला : डायनासोरवरचे पुस्तक कसे तपासावे?

डायनासोरवरचे लोकप्रिय पुस्तक कितपत विश्वासार्ह आहे हे पाहायचे असेल, तर टी. रेक्सचे पान बाजूला ठेवून ओव्हिरॅप्टरचे पान उघडावे. चोच असलेल्या या लहानशा प्राण्यावर शंभर वर्षांपूर्वी चोरीचा आळ आला. तो आळ पुस्तक कसे सांगते, यावरून लेखकाची पारख होते.

१९२३ साली अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची मोहीम रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखाली मंगोलियातील गोबीच्या वाळवंटात होती. फ्लेमिंग क्लिफ्स या तांबड्या कड्यांपाशी अंड्यांचे एक घरटे मिळाले आणि त्यावर एका प्राण्याचे अवशेष. कवटी चेपलेली; ती आणि अंडी यांच्यामध्ये जेमतेम चार इंच वाळू. त्या भागात प्रोटोसेराटॉप्सची हाडे विपुल होती, म्हणून अंडीही त्याचीच असे धरले गेले. मग हा दुसरा प्राणी तेथे कशाला आला? १९२४ मध्ये हेन्री फेअरफील्ड ऑस्बर्न यांनी नावातच उत्तर दिले : ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडी पळवणारा.

गंमत अशी की, हे नाव प्राण्याच्या आहाराविषयी दिशाभूल करू शकेल, अशी शंका ऑस्बर्न यांनी त्याच लेखात नोंदवली होती. पुस्तकांनी नाव उचलले. शंका मागे राहिली. पुढे कित्येक दशके हा प्राणी परक्या घरट्यातून अंडे पळवतानाच रंगवला गेला.

१९९३ मध्ये गोबीतच, उखा तोलगोद येथे, मार्क नोरेल यांच्या चमूला तशाच प्रकारच्या अंड्यात भ्रूण सापडला. तो प्रोटोसेराटॉप्सचा नव्हता, ओव्हिरॅप्टरच्याच कुळातला होता. १९९५ मध्ये त्याच कुळातील एका सांगाड्याचे वर्णन प्रसिद्ध झाले : पक्ष्याप्रमाणे घरट्यावर बसलेला, हात अंड्यांभोवती पसरलेले. ‘चोर’ बहुधा स्वतःच्याच घरट्यावर होता. नाव मात्र कायम राहिले, कारण प्राण्यांच्या नामकरणात आधी दिलेल्या नावाचा मान असतो. अर्थ चुकीचा ठरला म्हणून ते रद्द होत नाही.

तेव्हा १९८० च्या पुस्तकाने त्याला चोर म्हटले तर तो त्या काळचा समज होता. आजच्या पुस्तकाने म्हटले तर तो आळस आहे. परंतु अलीकडे उलटी चूक अधिक दिसते : चोराची रातोरात ‘प्रेमळ आई’ होते. घरट्यावर बसलेले ते प्रसिद्ध सांगाडे सिटिपाटी या नातलगाचे आहेत, आणि ते मादीचेच होते असे हाडे सांगत नाहीत. अंडी नर उबवत असावा, असा अंदाज २००८ मधील एका अभ्यासाने मांडला. ‘या कुळातील प्राणी अंड्यांवर बसत असत’ येथे थांबणारा लेखक भरवशाचा. काय सापडले आणि त्यावरून काय तर्क केला, यांतली रेघ तो पुसत नाही.

छपाईचे वर्षही पाहावे. मुखपृष्ठ नवे असले म्हणजे मजकूर नवा असतोच असे नाही. ब्रॉन्टोसॉरस हे नाव मार्श यांनी १८७९ मध्ये दिले, १९०३ मध्ये रिग्ज यांनी तो प्राणी अपॅटोसॉरसमध्ये विलीन केला, आणि २०१५ मधील एका विस्तृत अभ्यासाने तो पुन्हा वेगळा मानला. ‘ब्रॉन्टोसॉरस नावाचा प्राणी नाहीच’ हे विधान १९९५ च्या पुस्तकात योग्य होते. आजच्या पुस्तकात ते अपुरे आहे.

मराठी वाचकाला आणखी एक कसोटी घराजवळ मिळते. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सापडलेल्या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचे वर्णन १९९७ मध्ये टायटॅनोसॉरसची एक जाती म्हणून झाले. २००३ मध्ये त्याला स्वतंत्र नाव मिळाले : आयसिसॉरस. त्यातले पहिले तीन वर्ण इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून आले आहेत. भारतीय डायनासोरांच्या एखाद्या ताज्या पुस्तकात डोंगरगावचा हा प्राणी अजून जुन्याच नावाने वावरत असेल, तर त्यातले ओव्हिरॅप्टरचे पान जरा अधिक सावधपणे वाचावे.