एर्लिखच्या शेळ्या, गुडनाऊचे उंदीर

१९००च्या सुमारास फ्रँकफर्टमध्ये पॉल एर्लिख आणि युलियस मॉर्गेनरोथ एका शेळीचं रक्त दुसरीला टोचत होते. टोचलेल्या शेळीत परक्या शेळ्यांच्या तांबड्या पेशी फोडणारी प्रतिपिंडं तयार होत. स्वतःच्या पेशी फोडणारी काही होईनात. शरीराने यासाठी काहीतरी बंदोबस्त केलेला असणार, असं एर्लिखने मांडलं आणि त्याला भारदस्त नाव दिलं : ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’. पुढच्यांनी बंदोबस्ताची गोष्ट सोडली आणि ‘असं होतच नाही’ एवढंच घोकलं.

आम्हा रक्तपेढीवाल्यांचा आद्यपुरुष कार्ल लँडस्टायनर. त्याने आणि युलियस डोनाथने १९०४मध्ये व्हिएन्नात दाखवलं, की गारठ्यानंतर लाल लघवी होणाऱ्या रुग्णांच्या रक्तात त्यांच्याच तांबड्या पेशींना चिकटणारं प्रतिपिंड असतं. एवढा पुरावा अपवाद म्हणून बाजूला पडला, याचा मला अजून राग येतो.

धागा पुन्हा सापडला तो गोठ्यात. १९४५मध्ये विस्कॉन्सिनच्या रे ओवेनला जुळ्या वासरांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी सुखाने नांदताना दिसल्या. गर्भात दोघांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या होत्या. त्यावरून मेलबर्नच्या मॅकफार्लेन बर्नेटने ताडलं, की आपलं-परकं शरीर गर्भातच शिकतं. १९५७मध्ये तो पुढे गेला : एका पेशीचं प्रतिपिंड एकच, आणि स्वतःवर उठणारी पेशी कोवळेपणीच मारली जाते.

हे प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींत पाहायला जनुकं घातलेले उंदीर लागले. १९८८मध्ये सिडनीत ख्रिस गुडनाऊ आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमचं जनुक आणि त्याविरुद्धच्या प्रतिपिंडाची जनुकं एकाच उंदरात आणली. बी पेशी मेल्या नाहीत, पण मुक्या झाल्या. पुढच्याच वर्षी डेव्हिड नेमाझी आणि कुर्ट ब्यूर्की यांच्या उंदरांत लक्ष्य पेशींच्या आवरणावरच बसलेलं होतं. तिथे बी पेशी नाहीशाच झाल्या. सुटं फिरणारं प्रथिन गप्प करतं, आवरणावरचं मारतं. १९९३मध्ये नेमाझी आणि मार्टिन वायगर्ट यांच्या वेगवेगळ्या प्रयोगांतून तिसरी वाट कळली : मरण्याआधी पेशी आपल्या ग्राहीची, म्हणजे आवरणावर बसवलेल्या प्रतिपिंडाची, हलकी साखळी बदलून पाहते.

२००३मध्ये न्यूयॉर्कला मिशेल नुसेन्झ्वाइगच्या प्रयोगशाळेत माणसाच्या अस्थिमज्जेतल्या अगदी कोवळ्या बी पेशी तपासल्या. त्यांतल्या ५५ ते ७५ टक्के पेशी स्वकीय घटकांना चिकटणाऱ्या निघाल्या.

क्रॉसमॅचमध्ये ऑटो कंट्रोलची नळी, म्हणजे रुग्णाचंच सीरम त्याच्याच पेशींवर, पॉझिटिव्ह आली, की रेसिडेंट विचारतात, “मॅडम, असं प्रतिपिंड बनलंच कसं?” मी सांगते, असल्या पेशी रोजच बनतात, मारणं, मुकं करणं, बदलणं यांतलं काय हुकलं ते विचार. आणि आधी, प्रतिपिंड गारठ्यातलंच तर नाही हे पाहायला, नमुना ३७ अंशांवर ठेवून पुन्हा लाव.