घासलेली शिवराई

मराठी कुटुंब नोकरीनिमित्त कोठेही जावो, देव्हारा त्याच्याबरोबर जातो; आणि पुष्कळ घरांतून त्या देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या पायाशी एखादी जुनी तांब्याची शिवराई असते. सणावारी पूजेची उपकरणी घासताना तिलाही चिंच लागते. पिढ्यान्‌पिढ्यांची ही भक्ती! तांबे लखलखते, पण त्यावर कोणाचे नाव होते ते वाचता येईनासे होते. अशी शिवराई पुढे करून कोणी 'ही महाराजांच्या वेळची ना?' असे विचारले की आम्हांस संकोच पडतो.

रायगडावर 1674 साली राज्याभिषेक झाला, त्या राजवटीच्या शिवराईवर एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव' व दुसरीस दोन ओळींत 'छत्रपति' एवढाच मजकूर आहे. भोवती ठिपक्यांचे वर्तुळ; सन नाही, टांकसाळीचे नाव नाही. महाराजांच्या मागेही हाच मजकूर दीर्घकाळ पाडला जात राहिला आणि शिवराई एकोणिसाव्या शतकातही दख्खनच्या बाजारात चालत होती. तेव्हा आधीची कोणती व नंतरची कोणती, हे अक्षरांच्या वळणावरूनच ताडावे लागते: 'शिव' आहे की 'सिव', 'पति' ऱ्हस्व की दीर्घ, ओळींच्या मधोमध दोन आडव्या रेघा आहेत काय. या रेघांच्या शिवराईस दुदांडी म्हणतात व ती उत्तरकालीन समजतात. सारा निवाडा वेलांटीच्या एका टोकावर येऊन ठेपतो, आणि चिंचेच्या आंबटपणाने व राखेच्या घासणीने बारीक टोकेच आधी झिजतात.

नाणे घासलेले आहे की नाही, हे ओळखावयाचे कसे? प्रथम ते उन्हात तिरपे धरावे. तांब्यावर काळाने चढणारे पुट एकरंगी नसते. तळाशी धातूला लगटून तांबडा थर, त्यावर तपकिरी वा काळसर, आणि नाणे ओल्या मातीत पुरलेले असेल तर हिरवा जंगाल. हाताळणीने अक्षरांचे माथे उजळतात, खळगे गडद राहतात. हा उतार हळूहळू झालेला दिसतो. आम्लात बुडवलेल्या नाण्याचा रंग मात्र सर्वत्र सारखा, कच्च्या मांसासारखा गुलाबी असतो, आणि भिंगाखाली पृष्ठभाग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा बारीक छिद्रांचा दिसतो. घासलेल्या नाण्यावर एकाच दिशेने गेलेले ओरखडे अक्षरावरून उतरून मोकळ्या जागेतही तसेच पुढे जातात. रोजच्या व्यवहारातले ओरखडे असे शिस्तीचे नसतात.

विक्रेते हे जाणतात. गुलाबी नाणे गंधकाच्या द्रावणाने पुन्हा काळे करून ठेवतात. कधी बुटाचे पॉलिशही कामी येते. हा काळेपणा खळग्यात आणि माथ्यावर सारखाच बसतो. कापसाच्या बोळ्यावर थोडे ॲसिटोन घेऊन कडेला टेकवले तर पॉलिश बोळ्यावर उतरते, खरे पुट उतरत नाही. वजनाचा आधार मात्र घेऊ नये. तांब्याची नाणी मुळातच कमीअधिक वजनाची पडत.

येथे एक चूक जाणत्यांच्याही हातून होते. शिवराईची चकती पुष्कळदा ठशाहून लहान असे आणि ठोकाही वेडावाकडा बसे. त्यामुळे अर्धे अक्षर जन्मतःच नसते. अशा अस्पष्ट नाण्यास घासलेले म्हणणे अन्याय होय. ठोकाच बसला नसेल तर त्या जागी चकतीची मूळ खडबड व तिच्यावरचे पुट शाबूत असते, आणि शेजारचे उमटलेले अक्षर धारदार असते. घासल्याने गेलेल्या अक्षराच्या आसपास सर्वच कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात.

सर्वच सफाई निषिद्ध नव्हे. फिकट हिरवी, नखाने निघणारी भुकटी नाण्यावर दिसली तर तो रोग समजावा. क्षारांतील क्लोराइड दमट हवेत तांब्यास आतून पोखरते. कोलकात्यास किंवा मद्रासेकडे राहणाऱ्यांनी पावसाळ्यात आपले डबे अवश्य उघडून पाहावेत, रोगी नाणे निराळे व कोरडे ठेवावे आणि उपचार वस्तुसंग्रहालयाच्या रसायनज्ञावर सोपवावा.

सापडलेल्या ठेव्यांची गोष्ट याहून नाजूक. 1878 च्या निखात-निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास कलेक्टरास लेखी कळवावे लागते, म्हणजे आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या मेजावर असे मडके येऊ शकते. नाण्यांना चिकटलेली माती, जंगालात उमटलेली कापडाची वीण, एकाला एक जडलेली नाणी, हे सगळे पुराव्यात जमा असते. सोबतच्या नाण्यावर सन असला तर बिनसनाच्या नाण्याचा काळही त्यावरून निघतो. परंतु साहेबांना अक्षरे नीट दिसावीत या सद्‌हेतूने वाटेत कोणी तरी वरची दोनचार नाणी उजळतोच. त्याच्यावर रागावून लाभ नाही. ती दोनचार निराळ्या पुडीत घालावीत, पुडीवर 'घासलेली' असे लिहावे, आणि बाकीची मातीसकट, मडक्यासकट, मोजून पुढे पाठवावीत.