पट्टी

मागच्या रविवारी संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. मागे भाचीचं भोकाड. "दादा, काढू का रे ती पट्टी? तासभर रडतेय. उजव्या डोळ्याला कमी दिसतं ना, मग धडधाकट डावा कशाला झाकायचा? मला तर शिक्षा केल्यासारखंच वाटतं."

भाची चार वर्षांची आहे. तिचा उजवा डोळा 'आळशी' निघाला. डॉक्टरांनी चष्मा दिलाय आणि रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितलंय. मी बहिणीला एवढंच म्हणालो, "अजिबात काढू नकोस. का ते शनिवारी सांगतो." आज शनिवार. आणि नेहमीप्रमाणे माझं पाच वाक्यांचं उत्तर पाच पानांचं झालंय. चहा घेऊन बसा.

आधी थोडं स्वतःबद्दल. माझाही उजवा डोळा असाच. कळलं केव्हा? सहावीत, शाळेत डोळे तपासायला लोक आले होते तेव्हा. "डावा झाक आणि वाच." मी डावा झाकला आणि समोरचा तक्ता गायबच झाला. नुसता एक धुरकट पांढरा चौकोन. मी आधी हसलो, मग घाबरलो. पुढे मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, डोळ्यात दोष असा नाही. भिंग ठीक, पडदा ठीक, नस ठीक. दोन्ही डोळ्यांच्या नंबरात बराच फरक होता, तो लहानपणीच सुधारायला हवा होता. आता चष्म्याने फारसा उपयोग नाही. आईचा चेहरा मला अजून आठवतो. त्या बिचारीला कसं कळणार? डावा डोळा इतका तरबेज होता की मलाच कधी काही जाणवलं नाही.

डोळा ठीक आहे, चष्माही बरोबर आहे, मग दिसत का नाही? हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात अडकला होता. पुढे ह्या धंद्यात आल्यावर मी मित्रांना गमतीत सांगायचो, "हार्डवेअर ओके आहे रे, ड्रायव्हर इन्स्टॉलच झाला नाही." ही गंमत किती खरी आहे ते बऱ्याच उशिरा, ह्यूबेल आणि वीझेल ह्या जोडगोळीबद्दल वाचताना कळलं.

पट्टीचा उपाय तसा फार जुना. ब्यूफाँ नावाच्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७४३ सालीच तिरळेपणावर चांगला डोळा झाकायचा उपाय सुचवला होता. म्हणजे पेशवाईपासून लोकांना 'काय करायचं' हे माहीत होतं. 'का' हे कळायला मात्र दोनशेहून जास्त वर्षं जावी लागली. आपल्याकडेही असा कोड असतोच की! कुणीतरी कधीतरी लिहिलेला, चालतो, म्हणून कुणी हात लावत नाही. का चालतो ते विचारू नका.

तर १९५८ साल. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात स्टीफन कफलर नावाचे एक शास्त्रज्ञ होते. जन्माने हंगेरियन, वैद्यकीय शिक्षण बुडापेस्टमध्ये, हिटलरच्या काळात युरोप सोडून आधी ऑस्ट्रेलिया आणि मग अमेरिका असा प्रवास केलेला माणूस. १९५३ साली त्यांनी मांजराच्या डोळ्याच्या पडद्यावर एक महत्त्वाची गोष्ट दाखवली होती. तिथल्या पेशी नुसता 'उजेड किती' एवढंच सांगत नाहीत. एखाद्या छोट्या गोल भागात उजेड आणि त्याच्या भोवती अंधार (किंवा त्याच्या उलट) असेल तर त्या जोरात बोलतात. सगळीकडे सारखाच उजेड असेल तर गप्प गप्प. म्हणजे डोळा कॅमेऱ्यासारखा फोटो पाठवत नाही, तो फरक पाठवतो.

कफलरच्या प्रयोगशाळेत टॉर्स्टेन वीझेल हा स्वीडिश तरुण होताच. डेव्हिड ह्यूबेल हा कॅनडातून आलेला. सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीत वॉल्टर रीड संस्थेत असताना त्याने टंगस्टनच्या तारेचा एक बारीक इलेक्ट्रोड बनवला होता. एकेका पेशीचं बोलणं ऐकता येईल इतका बारीक. खरं तर तो हॉपकिन्सला दुसऱ्याच प्रयोगशाळेत जाणार होता. पण तिथे दुरुस्तीचं काम निघालं. तोवर काय करणार? म्हणून कफलरने त्याला वीझेलबरोबर काही महिने काम करशील का, असं विचारलं. त्या 'काही महिन्यां'ची पुढे वीस वर्षं झाली. आपल्याकडे प्रोजेक्टवर तात्पुरतं टाकलेला माणूस पुढे तिथेच मुरतो ना, अगदी तसं :-)

दोघांचा प्रश्न साधा होता. डोळ्याकडून आलेला निरोप मेंदूच्या मागच्या भागात, व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये पोचतो, तेव्हा तिथली पेशी काय ऐकून जागी होते? भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूत इलेक्ट्रोड, तो लाउडस्पीकरला जोडलेला, आणि डोळ्यासमोर काचेच्या स्लाइडवरचे ठिपके. काळा ठिपका, पांढरा ठिपका. पेशी ढिम्म. महिनाभर असंच चाललं होतं. आणि एके दिवशी तीन-चार तास काहीच हाती लागलं नसताना, काळ्या ठिपक्याची स्लाइड खाचेत सरकवत असताना लाउडस्पीकर अचानक तडतडायला लागला.

ठिपक्यामुळे? छे! बराच वेळ खटपट केल्यावर लक्षात आलं की पेशीला ठिपक्याशी काही देणंघेणंच नव्हतं. स्लाइड सरकवताना काचेच्या कडेची एक पुसट सावली डोळ्याच्या पडद्यावरून सरकत होती, आणि पेशी त्या रेषेला दाद देत होती. तीही विशिष्ट कोनातल्या. कोन बदलला की पुन्हा गप्प. दुसरी पेशी दुसऱ्या कोनावर खूश. १९५९ साली हा शोध 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'त आला. मेंदू बघायला सुरुवात करतो ती कडांपासून, रेषांपासून.

आता म्हणाल, नशीब! थोडं होतंच. पण स्लाइड सरकवताना आलेला आवाज 'काहीतरी खरखर असेल' म्हणून सोडून देणारे किती असतात? आपल्याला एखादा बग एकदाच दिसतो, पुन्हा दिसत नाही, आणि आपण तिकीट बंद करून घरी जातो. हे दोघं घरी गेले नाहीत. फरक एवढाच. पण हा 'एवढाच' फार मोठा आहे.

आणखी एक गोष्ट मला शोधाइतकीच आवडते. ह्या लेखांवर कफलरचं नाव नाही. प्रयोगशाळा त्यांची, माणसं त्यांनी एकत्र आणलेली, मूळ दिशा त्यांच्याच कामातून आलेली. पण ज्या प्रयोगात स्वतः हात घातला नाही त्यावर नाव घालायचं नाही, असा त्यांचा खाक्या. १९५९ मध्ये ते हार्वर्डला गेले तेव्हा अख्खी टोळी बरोबर घेऊन गेले. ह्यूबेल आणि वीझेलना १९८१ चं नोबेल मिळालं (अर्धं त्यांना, अर्धं रॉजर स्पेरीला). कफलर १९८० मध्येच गेले होते. ज्यांनी कुणी प्रेझेंटेशनमधून आपलं नाव उडालेलं आणि साहेबांचं वर चढलेलं पाहिलंय, त्यांना कफलरची किंमत वेगळी सांगायला नको.

पण बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर ह्याच्या पुढे आहे. रेषा ओळखणारं हे वायरिंग जन्मतःच असतं की बघून बघून तयार होतं? डॉक्टरांना एक कोडं माहीत होतं. मोठ्या माणसाचा मोतीबिंदू वर्षानुवर्षं राहिला तरी काढल्यावर त्याला दिसतं. पण जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलाचं ऑपरेशन उशिरा केलं तर डोळा स्वच्छ होऊनही नजर येत नाही. असं का?

ह्यूबेल-वीझेलनी मांजराच्या नवजात पिल्लांची एका डोळ्याची पापणी शिवून टाकली. दोन-तीन महिन्यांनी उघडली. (वाचताना पोटात कालवतं. मलाही कालवलं. आणि आपला फायदा ह्यातून झालाय हे माहीत असताना नुसतं 'अरेरे' म्हणून पुढे जाणंही बरोबर वाटत नाही.) १९६३ साली निकाल छापून आला. डोळा उत्तम होता, पण मेंदूतल्या जवळजवळ सगळ्या पेशी आता फक्त दुसऱ्याच डोळ्याचं ऐकत होत्या. हाच प्रयोग मोठ्या मांजरावर केला तर काहीही बिघडत नव्हतं. म्हणजे लहानपणाची एक ठरावीक मुदत असते, त्या मुदतीत मेंदू ठरवतो कुणाचं ऐकायचं.

माझा उजवा डोळा मला तिथे, त्या कागदावर सापडला.

ह्याहून महत्त्वाचा निकाल १९६५ चा. त्यांनी काही पिल्लांचे दोन्ही डोळे बंद ठेवले. अपेक्षा अशी की आता दोन्ही डोळ्यांची गत त्या एका डोळ्यासारखी होणार. तसं झालं नाही! बऱ्याच पेशी अजूनही उत्तर देत होत्या. याचा अर्थ नुसतं 'न वापरल्याने' नुकसान होत नाही. दोन डोळ्यांमध्ये मेंदूतल्या जागेसाठी चढाओढ असते. एकाचा निरोप स्पष्ट, दुसऱ्याचा पुसट, की स्पष्टवाला पुसटवाल्याची जागा बळकावतो. आळशी डोळा आळशी नसतोच. तो हरलेला असतो.

म्हणून, बाळे, चांगला डोळा झाकायचा. ती शिक्षा नाही. रोज दोन तास दांडग्या भावाला बाहेर उभं करायचं, म्हणजे धाकट्याला बोलायची संधी मिळते. केंब्रिजमध्ये कॉलिन ब्लेकमोर आणि व्हान स्लायटर्स ह्यांनी १९७४ मध्ये ह्याचाच उलटा प्रयोग केला. पिल्लाचा बंद डोळा उघडला आणि उघडा बंद केला. पाच आठवड्यांच्या वयात हे केलं तर मेंदूचा सगळा कौल फिरला. चौदा आठवड्यांच्या वयात केलं तर जवळजवळ काहीच फिरलं नाही. प्रयोगशाळेतली पट्टीच ती. आणि तिला मुदत होती.

ह्या सगळ्याचा परिणाम असा झाला की डॉक्टरांनी थांबणं सोडलं. जन्मतः दाट मोतीबिंदू असेल तर आता काही आठवड्यांतच ऑपरेशन करतात.

मग मुदत संपली की सगळं संपलं? तसंही नाही, आणि हे आपल्याच देशात दिसलं. एमआयटीतले पवन सिन्हा ह्यांनी 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केला. जन्मापासून मोतीबिंदूने आंधळी असलेली, गरिबीमुळे ऑपरेशन न झालेली मुलं शोधायची, दिल्लीत त्यांचं ऑपरेशन करायचं आणि ती बघायला कशी शिकतात तेही अभ्यासायचं. २०११ साली त्यांनी ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास छापला. ऑपरेशननंतर दोन दिवसांच्या आत त्यांना हाताने चाचपलेली वस्तू नुसती बघून ओळखता येत नव्हती. पण थोड्याच दिवसांत ओळखता यायला लागली. नजर बारीक झाली नाही, पण मेंदू शिकला. सात वर्षांपुढच्या काही मुलांना पट्टीचा फायदा होतो असंही २००५ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. थोडक्यात, दार एकदम धाडकन बंद होत नाही. पण सताड उघडं असतं ते लहानपणीच.

हे सगळं मी बहिणीला गुरुवारी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "कळलं रे मला. आता तिला कोण सांगणार?"

मग व्हिडिओ कॉल लावला. मीही कापसाची पट्टी करून माझ्या डाव्या, चांगल्या डोळ्यावर चिकटवली. भाची रडायची थांबली. मामाचा अवतार बघून हसली. मग चित्रांचं पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाली, "मामा, ओळख, काय आहे?"

मला एक तपकिरी डाग दिसत होता. "कुत्रा?"

"अरे मामा, माकड आहे! शेपूट बघ ना!" तिच्याही डाव्या डोळ्यावर पट्टी होती. शेपूट तिला दिसत होतं.

पुढची पंधरा मिनिटं मी प्रत्येक चित्र हरलो. मुद्दाम हरतोय असं तिला वाटलं असेल. वाटू दे. रोज सातला फोन करायचं ठरलंय.

आपल्या घरात तीन-चार वर्षांचं कुणी असेल तर एवढं करा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन एकेक डोळा वेगवेगळा तपासून घ्या. मूल तक्रार करणार नाही. मीही केली नव्हती.

असो. सात वाजत आले, पट्टी शोधतो.